बोअरचं खारं पाणी आणि सरकारी झाड

बोअरला पाणी लागलं तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. जुळे सोलापुरात नवीन घर, म्हणजे तेव्हा नवीन, आता कलर उडालाय, आणि गल्लीत आधी तिघांनी बोअर मारून नुसता धुरळा काढलेला, त्यामुळे २८० फुटांवर आमच्या पाइपातनं पाणी उसळलं तशी पोरं नाचायला लागली, हिनं नारळ फोडला आणि मी वाकून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि मग ते थुंकावं का गिळावं हेच कळेना. मचूळ. खारट म्हणावं तर तसं नाही, गोड म्हणावं तर मुळीच नाही, पितळी भांडं चाटल्यासारखं काहीतरी. गाडीवाला म्हणाला, "पहिलं पाणी हाय साहेब, आठ दिवसात गोड होतंय." त्याला आता बारा वर्षं झाली.

नंतर आरओ बसवायला आलेल्या पोरानं खिशातनं पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं मीटर काढलं आणि पेल्यात बुडवलं तर आकडा २१०० वर जाऊन थांबला, म्हणजे लिटरमागं एवढे मिलिग्रॅम क्षार. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं धरतात आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, एवढं त्या दिवशी कळलं. पोरगं हसून म्हणालं, "काका, हे पाणी झाडाला घाला." आणि मी शहाणा, घातलं की.

तर ही गोष्ट त्या झाडांची आहे. आधी जे मेलं ते सांगतो.

मोगरा गेला पहिल्या उन्हाळ्यात. गुलाब तर आठ आणले असतील, देशी म्हणून देशी, कलमी म्हणून कलमी, सगळ्यांची तीच कहाणी, आधी पानाची कड तपकिरी होणार, अगदी कुणी उदबत्ती टेकवत नेल्यासारखी, मग ती कड आत आत सरकणार, मग पान गळणार आणि आपण म्हणणार पाणी कमी पडतंय वाटतं, की अजून दोन बादल्या. म्हणजे ज्याच्यानं मरतंय तेच अजून पाजायचं. लिंबू तीन वर्षं जगलं पण ते जगणं म्हणजे आयसीयूतलं. आणि आळ्यात बघावं तर मातीवर पांढरा पापुद्रा, नखानं खरवडला तर निघणारा, पापडखारासारखा. आईनं एकदा बघून विचारलं, "पिठीसाखर सांडली का रे इथं?"

आमच्याकडचं बोअरचं पाणी असं का असतं याला काही फार मोठं गूढ नाही. खाली सगळा काळा दगड, पाणी त्याच्या भेगांत वर्षानुवर्षं मुरत बसतं आणि दगडातले क्षार उचलतं. वर पाऊस वर्षाचा ७०० मिलिमीटरच्या आसपास, तोही आला तर आला, आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४२, ४३, म्हणजे आपण जे ओततो त्यातलं पाणी उडून जातं आणि क्षार मागं राहतात. दर वर्षी थोडे थोडे. त्यात आमची काळी माती, पावसात चिकट लगदा आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, क्षार साठले की ती अजूनच घट्ट बसते, पाणी वरच तुंबतं. शेतकरी याला क्षारपड म्हणतात, चोपण म्हणतात, उसाच्या पट्ट्यात फिरलेल्या माणसाला हे सांगायला नको. मी अकाउंटचं काम करणारा माणूस, मला हे बागेत कळलं, ते पण आठ गुलाब मेल्यावर.

बरं, नळाचं पाणी घाला म्हणणाऱ्यांनी सोलापुरात येऊन राहून बघावं. उजनी भरलेलं असो का रिकामं, आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड, कधी रात्री दोनला, आणि ते आधी टाकी, मग पिंप, मग घागरी, मग उरलं तर तुळस. त्याच्या पुढं बाग येत नाही.

मग एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो. सोलापूरकर कोकणात कुठं जातो तर गणपतीपुळ्याला, यात काही नवीन नाही. आता तर रस्ता पण सरळ झालाय, रत्नागिरी-नागपूर हायवे आमच्या गावावरनंच जातो, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. दर्शन झालं, मोदक झाले, पोरांचं वाळूत लोळून झालं आणि दुसऱ्या दिवशी रत्नागिरीकडे आरे-वारेच्या रस्त्यानं निघालो. त्या रस्त्याबद्दल लिहीत बसलो तर वेगळी पोस्ट होईल. एका ठिकाणी खाडीवरच्या पुलाजवळ गाडी थांबवली, ही आणि पोरं शहाळं प्यायला आणि मी आपला खाली खाडीच्या कडेला, चिखलातनं वर आलेल्या तिवराच्या मुळ्या बघायला, पेन्सिली रोवून ठेवल्यासारख्या दिसतात ना त्या. ओहोटी होती. आणि तिवराच्या मागं, जिथं भरतीचं पाणी जेमतेम पोचत असेल, चिखलावर वाळलेल्या मिठाची रेघ स्पष्ट दिसत होती, तिथं एक भलंमोठं हिरवं झुडूप, मारांडीच्या काट्यांवर रेललेलं, पसरलेलं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं.

पान बघितलं. जाड, गडद, तेल लावल्यासारखं चकचकीत, समोरासमोर जोडीनं आलेलं. हे पान मी कुठंतरी बघितलंय. नुसतं बघितलं नाही, लाखो वेळा बघितलंय. पण फूल कधीच नाही. पान चुरगाळून वास घेतला, तो उग्र हिरवा वास नाकात गेला आणि मी थेट सातवीत. शाळेचं कंपाउंड!

वर येऊन शहाळंवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "कोयनेल ती. तुमच्याकडे नाय?"

नाही कसं, कोयनेलशिवाय आमच्याकडे आहे काय. सोलापुरात सरकारी म्हणून जे जे आहे त्याच्या कडेनं कोयनेल आहे. शाळा, क्वार्टर्स, दवाखाने, ऑफिसं, बागा. वडील मिलमध्ये होते तेव्हा आमच्या चाळीसमोर कोयनेलचीच हेज होती, कमरेएवढी, वरनं अशी सपाट की बायका त्याच्यावर चादरी वाळत घालायच्या, सोलापुरी चादर ओली झाली की किती जड होते माहितीय ना, तरी ती हेज वाकायची नाही. शाळेत मास्तरांना छडी हवी असली की मॉनिटर जाऊन कोयनेलची काडी मोडून आणायचा आणि मॉनिटर तुमचा दोस्त असेल तर बारीक आणायचा. आणि बागेतला हत्ती! तारेच्या सांगाड्यावर कोयनेल चढवून कापून केलेला हिरवा हत्ती, लहानपणी मला वाटायचं या झाडाचं नावच हत्ती आहे. आमच्याकडे निम्मे लोक त्याला मेंदीच म्हणतात, कारण कापलेलं कुंपण म्हणजे मेंदी, मग ते कुठलं का झाड असेना.

थोडक्यात, चाळीस वर्षं या झाडाच्या शेजारी काढली आणि ते समुद्राचं आहे हे मला खाडीत पाय बुडवल्यावर समजलं.

घरी आल्यावर वाचत बसलो. त्याला वनजाई पण म्हणतात, हे नाव फूल बघितलेल्या माणसानं ठेवलेलं दिसतंय. भारताच्या किनाऱ्यापासून श्रीलंका, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया ते पार पॅसिफिकच्या बेटांपर्यंत सगळ्या किनाऱ्यांवर हे आपलं आपण उगवतं. लिनियस या शास्त्रज्ञानं १७५३ मध्ये नाव दिलं व्होल्कामेरिया इनर्मिस, इनर्मिस म्हणजे निःशस्त्र, काटे नसलेलं. पुढं १७८८ मध्ये गेर्टनर या दुसऱ्या शास्त्रज्ञानं त्याला क्लेरोडेंड्रम या गटात टाकलं, सव्वादोनशे वर्षं सगळी पुस्तकं क्लेरोडेंड्रम इनर्मे म्हणत राहिली, आणि आता डीएनए बघून परत व्होल्कामेरिया केलंय. म्हणजे बदली होऊन फिरून मूळ ऑफिसात. कूळही बदललं, आधी साग-निर्गुंडीसोबत वेगळ्या कुळात होतं, आता ते सगळेच तुळशीच्या कुळात. तर आमच्या दारात एक तुळस वृंदावनात आणि तिचा लांबचा भाऊबंद कंपाउंडला.

आणि मुख्य गोष्ट, समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आमच्या बोअरचा २१०० म्हणजे लिटरला दोन ग्रॅमच्या वर जरासं. ज्या झाडाच्या मुळाशी भरती येते त्याला आमचं बोअर म्हणजे सरबत आहे सरबत.

हिला सांगितलं, पुढच्या बाजूनं कोयनेल लावतोय. तिनं माझ्याकडं बघितलं. "मामलेदार कचेरी करायची का घराची?" मित्र आला तर तो त्याहून, "काय करलालास बे, घराला शाळा करलालास का? घंटा पण बांध की एक." कोयनेल म्हणलं की लोकांना फाइल आठवते, सही आठवते, लाइन आठवते. झाडाचा काय दोष.

आता पहिली चूक. मी उत्साहात एप्रिलमध्ये लावली. नर्सरीत विचारलं तर तो म्हणाला कोयनेल कुणी विकत घेतंय का साहेब, कुठनं पण फांद्या आणा आणि खोचा. आणल्या. एका ठिकाणी कटिंग चाललं होतं तिथनं पोतंभर फांद्या उचलल्या, घरी आणून डब्यात ठेवल्या, दोन दिवसांनी रविवार होता तेव्हा लावल्या, भर उन्हात, काळ्या मातीच्या भेगांत. साठ काड्या. साठच्या साठ वाळल्या. त्यातल्या काही तर मी उलट्या खोचल्या होत्या असं नंतर लक्षात आलं, कारण पानं काढून टाकल्यावर कुठलं टोक वरचं हे कळायची सोय मी ठेवली नव्हती.

मग माळीमामांना गाठलं. आमच्या गल्लीत दोन-चार घरांची कामं करतात, वय असेल पासष्ट, घरात तेलुगू बोलतात, झाडांशी पण तेलुगूच. त्यांनी साठ काड्यांचं स्मशान बघितलं आणि एवढंच विचारलं, "चार महिने थांबायला काय झालं होतं?"

जुलैमध्ये त्यांनी दाखवलं तसं केलं ते सांगतो, कुणाला लावायची असेल तर. फांदी ना कोवळी ना म्हातारी, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब. खालचा काप तिरका, डोळ्याच्या म्हणजे पान फुटतं त्या गाठीच्या लगेच खाली, वरचा काप सरळ, म्हणजे उलटसुलट व्हायचा प्रश्नच नाही (हे मामांनी माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं). खालची पानं काढायची, वर दोन ठेवायची, ती पण अर्धी कापून. दोन डोळे मातीत गेले पाहिजेत. थेट जमिनीत लावल्या तरी लागतात पावसाळ्यात, पण आम्ही दुधाच्या पिशव्यांत लावल्या, मुरूम, माती आणि थोडं शेणखत, पिशवीला खाली भोकं. तीन-चार आठवड्यांत फांदी हलकेच ओढून बघितली तर धरून ठेवतीय असं जाणवतं, तेव्हा समजायचं मुळं फुटली. साठातल्या एक्कावन्न लागल्या. या पिशव्यांना मात्र पावसाचंच पाणी दिलं, बोअरचं नाही, कारण झाड खाडीतलं असलं तरी बाळ ते बाळ.

जमिनीत लावायला चर खणला, फूटभर रुंद, दीड फूट खोल. खणताना काय काय निघालं, विटांचे तुकडे, सिमेंटची वाळलेली ढेकळं, एक चप्पल, बिल्डरनं सगळं डबर आमच्याच अंगणात पुरलं होतं. मामा म्हणाले राहू दे थोडं डबर, पाणी निचरेल. आणि इथं मी आयुष्यात एकच हुशारी केली, गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप त्या चरात सोडला. कारण वाचताना एक गोष्ट डोक्यात बसली होती, कोकणात झाडाच्या मुळाशी मीठ येतं हे खरं पण वर ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडून ते धुऊन पण जातं. आमच्याकडं फक्त येतं, जात नाही. मग झाड कितीही सोशिक असलं तरी वर्षाला एकदा तरी त्याला आंघोळ घालायला पाहिजे. पावसाळ्यात गच्चीचं सगळं पाणी त्या चरातनं वाहतं आणि क्षार खाली उतरतात, निदान वरचा पांढरा पापुद्रा तरी तिथं धरत नाही. बाकी आळ्यांत धरतो.

पहिला उन्हाळा आठवड्यातनं दोनदा पाणी दिलं. दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा. आणि आता तर बोअरचं पण नाही, आरओचं जे वाया जाणारं पाणी असतं ना, जे अजून खारट असतं, ज्याचं काय करावं हा घरोघरचा प्रश्न आहे, फरशी पुसली तर डाग पडतात, ती बादली थेट कोयनेलला. एक पान करपलेलं नाही. गुलाबाची कड बघून बघून माझी नजर अशी झालीय की आधी कडच बघतो, तर कड हिरवीगार.

शेळ्यांचं एक सांगायचं राहिलं. आमच्या गल्लीत शेळ्या मोकळ्या असतात आणि कुणाच्या मालकीच्या ते फक्त त्यांना मार बसला की समजतं. जास्वंद खाल्ली, कढीपत्ता खाल्ला, हिचा ओवा खाल्ला, एकदा तर पेपर खाल्ला. कोयनेलला एक शेळी तोंड लावून बघते, पान तोंडात धरते, मग असं तोंड करते जसं मी त्या दिवशी बोअरचं पाणी पिऊन केलं होतं, आणि सोडून जाते. कडू जहर आहे ते. यावरनं कुणीतरी गल्लीत उठवलं की कडू आहे म्हणजे शुगरला चांगलं असणार, आणि शेजारच्या आक्का वाटी घेऊन पानं न्यायला आल्या. मी हात जोडले. म्हणलं आक्का, जे शेळी खात नाही ते आपण कशाला खायचं. त्या रागावल्या दोन दिवस, पण नेलं नाही.

तर झाड लागलं, वाढलं, दुसऱ्या वर्षी कमरेपर्यंत आलं. आणि मग घरात भांडण सुरू. हेज म्हणजे कापायची, सरळ, चौकोनी, हे सगळ्यांचं मत. हिचं, आईचं, मामांचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचं. आणि मी म्हणत होतो कापायची नाही. का तर मला ते खाडीवरचं फूल दारात बघायचं होतं. कोयनेलला फूल येतं ते नवीन फांदीच्या शेंड्याकडं, आणि आपण काय करतो, दर दोन महिन्यांनी कात्री घेऊन शेंडेच उडवतो. म्हणून तर आख्ख्या सोलापुरात मैलोनमैल कोयनेल असून फूल कुणाला दिसत नाही. कळी धरायच्या आत मुंडी उडालेली असते.

शेवटी तोडगा निघाला, गेटच्या डाव्या बाजूची कापायची, उजव्या बाजूची सोडायची. वाटणी झाली म्हणा. डावीकडं कचेरी, उजवीकडं खाडी.

उजवी बाजू पहिलं वर्ष भयाण दिसली, हे कबूल करतो. कोयनेल सोडलं की ते उभं नाही वाढत, रेलतं, लोळतं, लांब लांब फांद्या काढून जो भेटेल त्याच्यावर हात टाकतं. गेटमधनं आत येणाऱ्याच्या खांद्याला लागायचं. पोस्टमन म्हणाला साहेब, घर बंद आहे असं वाटलं. मग आतनं तीन बांबू लावून तारेनं बांधलं आणि खालनं जुन्या फांद्या काढल्या, आता निदान ठरवून सोडल्यासारखं दिसतं.

आणि तिसऱ्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर संपता संपता, कळ्या.

मी रोज संध्याकाळी ऑफिसातनं आलो की हेल्मेट काढायच्या आधी तिकडं. कळ्या तीन-तीनच्या झुपक्यात येतात. आधी हिरवट टाचणीएवढ्या, मग त्यांना लांब पांढरी मान फुटते आणि टोकाला मोतीएवढी गोल कळी. उमललं की इंचभर लांब बारीक नळी, तिच्या टोकाला पाच पांढऱ्या पाकळ्या मागं वळलेल्या, आणि नळीतनं बाहेर चार लांबच लांब जांभळट पुंकेसर, मांजराच्या मिशा. पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी ते चार पुंकेसर पुढं ताठ असतात आणि त्यांच्यातला तो पाचवा, स्त्रीकेसर, बाजूला खाली वाकून बसलेला असतो, पाहुण्यात मागं राहिलेल्या सुनेसारखा. दुसऱ्या दिवशी जाऊन बघा, पुंकेसर सुकून कुरळे होऊन बाजूला पडलेत आणि आता स्त्रीकेसर सरळ होऊन बरोब्बर त्यांच्या जागेवर आलाय, टोकाला बारीकशी दुभंगलेली जीभ काढून. म्हणजे एका फुलाचा पराग त्याच फुलाला लागू नये याची सोय. मी धाकट्याच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात हे चित्रात बघितलं होतं, दारात बघताना मात्र आईला हाक मारून दाखवलं, तर ती म्हणाली, "एवढं शिस्तीचं आहे तर मग वाढताना का तसं वाढत नाही?"

वास आहे, पण मोगऱ्याची आशा करू नका. हलका, दिवस कलल्यावर. आणि एवढी लांब नळी कशासाठी तर ज्याची सोंड तेवढी लांब त्याच्यासाठी. एकदा सातच्या सुमाराला लाइट गेलेले, मी पायरीवर बसलेलो, आणि कानाजवळनं भुर्रर्र, मला वाटलं पाखरू. हॉक मॉथ होता, बोटाएवढा जाड पतंग, फुलावर बसतच नाही, हवेत तरंगत सोंड आत घालतो, ओढतो, पुढच्या फुलावर. मोबाइलचा टॉर्च लावला आणि घालवला. टॉर्च लावू नका. दिवसा शिंजीर येतो, तो नळीत चोच घालून बघतो आणि जमलं नाही तर बुडाशी टोचून चोरी करतो.

मामा त्या दिवाळीला डावी बाजू कापायला आले. त्यांना लांबनं फुलं दिसली तसे कात्री खांद्याला लावून जवळ गेले, फांदी ओढून बघितली, पान चुरगाळून वास घेतला, परत फूल बघितलं. तीस वर्षं हा माणूस कोयनेल कापतोय. मला म्हणाले, "हे कुठनं आणलं?" म्हणलं मामा, हे आपणच लावलंय, त्याच पिशव्यांतलं. ते काही बोलले नाहीत. डावीकडची कापायला गेले आणि कापता कापता गेटजवळचा एक हातभर तुकडा तसाच सोडून दिला. मी पण विचारलं नाही. हिनं मात्र लगेच ओळखलं आणि तीन दिवस माझ्याशी फुगून होती, की माळ्याला पण फितवलं.

एक गोष्ट इथं सांगून टाकतो कारण लोक फोन करून विचारतात की हे आपल्याकडचं देशी झाड ना, मग मोकळ्या रानात लावू का, टेकडीवर लावू का. भारतातलं आहे, पण किनाऱ्यावरचं आहे, सोलापूरचं नाही. आपल्याकडचं मूळचं म्हणाल तर तरवड, बोर, हिवर. तेव्हा कंपाउंडला लावा, डबराच्या जागी लावा, खाऱ्या बोअरवाल्यांनी डोळे झाकून लावा, पण नान्नजकडच्या माळावर कृपा करून नेऊ नका, हे नाही आणि दुसरं पण कुठलं झाड नाही. तो माळ ओसाड नाही, ते गवताळ रान आहे, १९७९ पासनं माळढोकचं अभयारण्य आहे तिथं, त्या पक्ष्याला चारी बाजूला लांबपर्यंत मोकळं दिसायला लागतं. वृक्षारोपणाच्या फोटोसाठी तिथं खड्डे मारणाऱ्यांबद्दल मला जे वाटतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

असो. तोटे पण सांगतो. आत डास बसतात, दाट असल्यामुळं, पावसाळ्यात संध्याकाळी तिथं उभं राहवत नाही. रेलणाऱ्या फांद्या मातीला टेकल्या की तिथं मुळं धरतात आणि वर्षभरात झाड दोन फूट सरकतं, शेजाऱ्याच्या हद्दीत गेलं की आधी शेजारी बोलतो मग तुम्हाला कळतं. मांजरं पिल्लं घालतात आत, आमच्याकडं दोनदा झालंय. आणि बुलबुलानं घरटं केलं त्या साली तर डावी बाजू पण दोन महिने कापता आली नाही.

फळ धरतं नंतर. बोराच्या बीएवढं, हिरवं, मग तपकिरी होत वाळतं आणि त्याच्या चार फोडी सुटतात, वाटून ठेवल्यासारख्या. हातात घेतली तर वजनच लागत नाही, साल बुचासारखी पोकळ. हे असं का तर समुद्रात तरंगत जायला, एका किनाऱ्यावरनं दुसऱ्या किनाऱ्यावर, म्हणून तर ते एवढ्या लांबपर्यंत पसरलंय. आता सोलापुरात त्याला कुठं तरंगायचंय, जवळात जवळ समुद्र रस्त्यानं ३०० किलोमीटरच्या पुढं. पण मला राहवेना. स्टीलचा पेला घेतला, त्यात मीठ घातलं, लिटरला ३५ ग्रॅमच्या हिशोबानं पेल्याला सव्वा चमचा, आणि बारा फोडी सोडल्या, ओट्याच्या कोपऱ्यात, खिडकीपाशी. शेजारी दुसरा पेला, त्यात नुसतं बोअरचं पाणी आणि बारा फोडी.

आज एकोणतिसावा दिवस. बोअरच्या पाण्यातल्या चार बुडाल्या. मिठाच्या पाण्यातली एक. आईनं परवा तो पेला ताक समजून उचलला होता, थोडक्यात वाचली. हिनं दोन्ही पेले परत मागितलेत, संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी पाहुणे येणार आहेत आणि सहाच्या सेटमधले चारच उरलेत असं तिचं म्हणणं आहे. मी म्हणलं अजून पंधरा दिवस.